मुक्काम पोस्ट अंबाजोगाई

अंबाजोगाईची देवी परगावची आहे, हे मला त्या गावात पाऊल ठेवल्यावर तिसऱ्या दिवशी कळले. खरे म्हणजे ते घरीच कळायला हवे होते. आमच्या चिपळूणच्या घरात लग्नाची पहिली अक्षत योगेश्वरीच्या नावाने निघते. पण कुलदैवत म्हणजे दूर देशावर कुठेतरी असलेले एक देऊळ, आयुष्यात एकदा जाऊन यायचे आणि नारळ फोडून परतायचे, एवढीच आमची समजूत. त्या देवळाच्या गावात मला मराठीचा अध्यापक म्हणून बिऱ्हाड करावे लागेल, हे कोणाच्या स्वप्नातही नव्हते.

गोष्ट २००९ सालची. बीड सोडले, मांजरसुंबा, केज मागे पडले आणि एस. टी. बालाघाटाच्या माळावरून धावू लागली. जूनचा महिना असूनही आभाळ कोरडे. आमच्याकडे त्या दिवसांत छत्रीशिवाय पाऊल टाकता येत नाही. इथे लोक आभाळाकडे पाहून नुसते डोळे मिचकावत होते. उतरलो तो एक बॅग, एक वळकटी आणि मुंबई विद्यापीठाची एम. ए. ची पदवी घेऊन. नेमणूक होती तासिका तत्त्वावरची, म्हणजे जितके तास शिकवाल तितक्या तासांचे पैसे. त्यात घरभाडे भत्ता नावाची वस्तू नसते. सरकारच्या लेखी असा अध्यापक तास वाजला की प्रकट होतो आणि तास संपला की अंतर्धान पावतो. तो रात्री कुठे झोपतो हा प्रश्नच उद्भवत नाही.

प्रश्न माझ्यापुढे मात्र उद्भवला होता. पहिले दोन दिवस लॉजवर काढले आणि तिसऱ्या दिवशी खोली शोधायला निघालो.

परगावच्या माणसाला गाव खरे दिसते ते खोली शोधताना. अंबाजोगाई मला तशीच दिसली. जुन्या भागात दगडी वाडे, दारातच ढाळज, आत चौक आणि वर पांढऱ्या मातीचे माळवद. कौलांच्या उतरत्या छपराखाली वाढलेल्या मला सपाट धाब्याची घरे पाहून वाटले, इथे पाऊस पाहुण्यासारखा येत असावा आणि माळवदावर क्षणभर टेकून निघून जात असावा. नव्या वस्त्यांत सिमेंटची घरे, गच्चीवर काळ्या टाक्या आणि प्रत्येक दोन-चार घरांमागे एक पाटी : ‘रूम भाड्याने देणे आहे’. सरकारी वैद्यकीय महाविद्यालय, शाळा, कॉलेजे यांमुळे या गावाला परगावच्या माणसांची सवय आहे. मराठवाड्याचे पुणे असे काही जण कौतुकाने म्हणतात. मला वाटले, आता काय, पाट्या भरपूर आहेत, आपल्याला निवड करायची आहे.

निवड करायची होती, पण ती मी नव्हे, घरमालक करणार होते.

“कुठलं गाव म्हणायचं सर तुमचं?” एका माडीच्या घराच्या ओसरीवर निवृत्त कारकून असलेल्या अण्णांनी मला विचारले.

“चिपळूण.”

“म्हणजे कोकण. आणि आडनाव?”

मी आडनाव सांगितले. अण्णांचा चेहरा उजळला. आत वळून म्हणाले, “अगं, चहा टाक. देवीच्या माहेरची माणसं आलीत.”

चहा घेता घेता त्यांनी मला ती कथा सांगितली. योगेश्वरी कोकणातली. परळीच्या वैजनाथाशी तिचे लग्न ठरले. वऱ्हाड घाट चढून आले, पण परळी थोडी उरली असताना इथेच मुहूर्त टळला. वऱ्हाडी दगड झाले आणि नवरी माघारी गेली नाही. जयंती नदीच्या काठी कुमारिका म्हणूनच राहिली. गावाबाहेरच्या हत्तीखान्याच्या लेण्यांत दगडी हत्ती आहेत. ते त्या वऱ्हाडातले, असे लोक दाखवतात. “तवा तिला इथं कुणी ठिकाण दिलं असंल, त्येचंच पुण्य आम्ही खातोय बघा,” अण्णा म्हणाले आणि त्यांनी निळ्या दाराच्या माडीवरच्या खोलीची किल्ली माझ्या हातावर ठेवली. अनामत घेतली नाही. भाडे इतके कमी सांगितले की घासाघीस करायचीसुद्धा लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये मी ही हकिकत रंगवून सांगत होतो. माझ्याच आठवड्यात नांदेडकडून आलेले इतिहासाचे एक सहकारी शांतपणे ऐकत होते. मी थांबल्यावर त्यांनी विचारले, “माडीवरची का? निळ्या दाराची?”

“हो.”

“परवा मी तिथंच गेलो होतो. गाव विचारलं, आडनाव विचारलं. म्हणाले, खोली कालच गेली.”

ते हसले. मी हसलो नाही, पण बोललोही काही नाही. किल्ली माझ्या खिशात होती.

औरंगाबादच्या ज्या विद्यापीठाच्या नावाशी बाबासाहेबांचे नाव जोडायला १४ जानेवारी १९९४ हा दिवस उजाडावा लागला, त्या विद्यापीठाची पदवी या गृहस्थांजवळ होती, आणि ती पहिल्या वर्गाची होती. माझी दुसऱ्या वर्गाची. पण ओसरीवर पदव्या कोणी विचारत नाही. त्यांना आठ-दहा घरे फिरून खोली मिळाली नाही. शेवटी परळीला नातलगांकडे राहून पंचवीस किलोमीटर एस. टी. ने येणे-जाणे सुरू झाले. ते त्यांनी पुढे कित्येक वर्षे केले.

मी भाषेचा माणूस. अडचणीत सापडलो की शब्दांच्या आडोशाला जातो. घर भाड्याने घेण्याच्या व्यवहारातले आपले किती शब्द बाहेरून आलेले आहेत पाहा. मालक अरबी. अनामत अरबी. इजारा अरबी. आपण पत्त्याच्या डोक्यावर मोठ्या अभिमानाने ‘मु. पो.’ लिहितो, त्यातला मुक्कामही अरबीच. हे शब्द आले, राहिले आणि आपले झाले. त्यांना कोणी आडनाव विचारले नाही.

माणसांना मात्र या मुलखात पूर्वीपासून विचारीत आले आहेत. बीड जिल्हा १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या राज्यात होता आणि अंबाजोगाईचे नाव तेव्हा मोमिनाबाद होते. पुण्या-सोलापूरहून इथे येणारा मास्तर म्हणजे अक्षरशः परराज्यातला माणूस, गैरमुलकी. १९१९ च्या मुलकी नियमांप्रमाणे सरकारी नोकरीसाठी बाहेरच्या माणसाला राज्यात किमान पंधरा वर्षे राहावे लागे. शिवाय मूळ गावी परत जाण्याचा विचार आपण सोडून दिला आहे, असे शपथेवर सांगावे लागे. ही दुसरी अट मी प्रथम वाचली तेव्हा मला हसू आले. मग देवी आठवली आणि हसू मावळले.

देवीच कशाला? हे गाव ज्यांच्या नावाने ओळखले जाते त्यांतले बरेचसे बाहेरचेच. दासोपंत नारायणपेठचे. ते इथे आले, इथेच १६१५ साली त्यांनी देह ठेवला, आणि सुमारे चाळीस फूट लांबीच्या कापडावर लिहिलेली त्यांची पासोडी अजून इथे जपलेली आहे. स्वामी रामानंद तीर्थ जन्मले सिंदगीला, शिकले सोलापूर-पुण्याला, आणि १९३५ च्या सुमारास इथल्या शाळेत शिकवायला आले. तीनच वर्षांनी ते हैदराबादच्या सत्याग्रहात उतरले. ते संन्यासी, तेव्हा त्यांच्या घरभाड्याची चिंता कोणाला पडली नसावी. आज त्यांच्या नावाने इथे मोठे वैद्यकीय महाविद्यालय उभे आहे. थोर माणूस परका असला तरी गाव त्याला आपला म्हणते. अडचण येते ती साध्या, भाडे देऊन राहू पाहणाऱ्या माणसाची.

चार वर्षांनी आम्ही दोघेही कायम झालो. वेतनचिठ्ठीवर घरभाडे भत्त्याचा रकाना उमटला. हा भत्ता गावाच्या आकारमानावर ठरतो. सातव्या वेतन आयोगानंतर राज्याने मोठ्या शहरांना मूळ वेतनाच्या २४, मधल्यांना १६ आणि आमच्यासारख्या उरलेल्या गावांना ८ टक्के असा दर लावला. महागाई भत्ता वाढेल तसा आमचा दर ९ आणि मग १० टक्के व्हावा, असा नियम. टक्केवारीत भेदभाव नाही. माझ्या आणि त्या सहकाऱ्यांच्या चिठ्ठीवरचा आकडा सारखाच असे. ते एकदा म्हणाले, “सर, तुम्ही घरभाडं घेता, मी एस. टी. चं भाडं घेतो. रकाना एकच.”

खेड्यातल्या प्राथमिक शिक्षकांची तऱ्हा आणखी निराळी. शाळेच्या गावी राहत असल्याचा पुरावा म्हणून त्यांच्याकडे ग्रामसभेचा ठराव मागावा, असे ग्रामविकास खात्याने २०१९ साली ठरवले. गुरुजी गावात राहतात की नाही, हे गाव सांगणार. ठीकच आहे, जनतेचा पैसा आहे. पण गावाने गुरुजींना राहायला खोली दिली की नाही, असा ठराव कोणी मागितल्याचे मी ऐकलेले नाही.

अण्णा-काकूंविषयी मात्र मला वाईट लिहिता येत नाही. २०१६ साली मांजरा धरण कोरडे पडले. लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी गेले, त्याचा गाजावाजा देशभर झाला. अंबाजोगाईला रेल्वेच नाही. आमची भिस्त टँकरवर. टँकर आला की काकू आधी माझी घागर भरून जिन्यात ठेवीत आणि मग स्वतःच्या रांजणाकडे वळत. “परगावचं लेकरू हाय,” म्हणत. मी चौतिशीचा होतो.

त्याच उन्हाळ्यात एका रात्री सहकाऱ्यांची शेवटची बस चुकली. मी त्यांना माझ्या खोलीवर आणले. काकूंनी न सांगता दोन ताटे वर पाठवली. सकाळी अण्णा ओसरीवर भेटले. म्हणाले, “तुमचे मित्र लई सभ्य आहेत हो. ऱ्हातात कुठं?”

“परळीला.”

“एवढ्या लांब? काऊन बरं?”

सात वर्षे गिळलेले वाक्य त्या दिवशी तोंडातून निघाले. “अण्णा, दोन हजार नऊ साली ते इथेच आले होते. तुम्ही म्हणालात, खोली कालच गेली.”

अण्णा बराच वेळ रिकाम्या टाकीकडे पाहत राहिले. मग हळूच म्हणाले, “माझं एकट्याचं कुठं असतंय सर? गल्ली असती.”

ते खोटे बोलत नव्हते. पण त्या गल्लीतही सगळे अण्णाच राहत होते, आणि माडीवर मी.

दिवाळीच्या आगेमागे इथून ट्रॅक्टर भरून माणसे निघतात, ती मी दर वर्षी पाहतो. मुकादमाकडून उचल घेतलेली, नवरा-बायको मिळून एक कोयता म्हणून मोजलेली ही माणसे कोल्हापूर-सांगलीकडे आणि पार कर्नाटकात ऊस तोडायला जातात. कारखान्याच्या आसपास चटया-पाचटाच्या कोप्यांत पाच-सहा महिने काढतात. तिकडे ही सगळी परगावची. त्यांना भत्ता नाही, आणि त्यांचे आडनाव विचारायलाही कोणी ओसरीवर बोलावीत नाही. आपल्या घरात परक्याला पारखणारा जिल्हा वर्षातले निम्मे दिवस दुसऱ्याच्या दारात परका असतो.

गेल्या वर्षी माझी एक विद्यार्थिनी दुबईला शिक्षिका म्हणून गेली. तिने फोन करून सल्ला विचारला : शाळा म्हणते, सजवलेले घर घ्या किंवा घराचे पैसे घ्या, काय करू? तिथे पुढच्या तारखांचे धनादेश आधीच देऊन ठेवण्याची रीत आहे आणि करार सरकारदरबारी नोंदवावा लागतो. त्या नोंदणीला ‘इजारी’ म्हणतात, हे ऐकून मला आपला इजारा भेटल्याचा आनंद झाला. मी म्हटले, “घरच घे. पैसे घेतलेस तर घर तुला शोधावे लागेल, आणि शोधताना काय काय विचारतात ते तुला ठाऊक नाही.” ती म्हणाली, “सर, ठाऊक आहे. मी अंबाजोगाईत तीन वर्षे रूम करून राहिले होते.” ती माझ्या वर्गात पहिल्या बाकावर बसत असे. तिला खोली कशी मिळाली होती, हे मी कधी विचारले नव्हते.

या गावात मला आता सोळा वर्षे झाली. निजामाच्या हिशेबाने मी मुलकी झालो. कर्ज काढून छोटे घर बांधले; वर एक खोली काढली. सहकाऱ्यांनीही गावाच्या दुसऱ्या टोकाला घर बांधले. ते म्हणतात, आम्हाला भाड्याने मिळत नाही म्हणून बांधावे लागते, तुम्हाला हौस. जूनमध्ये मी दारावर पाटी लावली. त्याच संध्याकाळी एका तरुणाचा फोन आला. तासिका तत्त्वावर लागला होता. आवाज दबका. गाव सांगितले, विषय सांगितला आणि थांबून म्हणाला, “सर, आडनाव आधीच सांगू का? म्हणजे तुमचाही वेळ जायला नको.”

मी म्हटले, “पाणी रोज येत नाही, भरून ठेवावे लागते. चालेल ना?”

तो आला. खोली पाहिली, चहा घेतला, किल्ली घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी शेजारच्या ओसरीवरून प्रश्न आला, “सर, नवे भाडेकरू कोण म्हणायचे?”

मी सांगितले, “मास्तर आहेत. परगावचे.”

ओसरीवर थोडा वेळ कोणी बोलले नाही. मीही तिथेच उभा राहिलो.