मागणीसकट चेहरा

मोर्च्यात म्हातारी माणसं बहुतेक वेळ बसलेली असतात. घोषणा तरुण देतात, माइक पुढाऱ्यांकडे असतो, झेंडे पोरं नाचवतात. म्हातारे दुभाजकावर, फुटपाथच्या कडेला, जिथे जरा सावली असेल तिथे टेकतात. नागपूरचं हिवाळी अधिवेशन ज्यांनी रस्त्यावरून पाहिलं आहे, त्यांना हे ठाऊक आहे. यशवंत स्टेडियमवरून निघालेला मोर्चा टेकडी रोडवर किंवा मॉरिस कॉलेजच्या टी-पॉइंटवर अडवतात, चार-पाच जणांचं शिष्टमंडळ मंत्र्यांना भेटायला जातं आणि बाकीच्यांनी वाट पाहायची. पेपरांचे फोटोग्राफर आवळलेल्या मुठी टिपून तोवर निघून गेलेले असतात. मला काम सुरू करावंसं वाटतं ते त्यानंतर.

कारण माणसाचा चेहरा घोषणा देताना जेवढा सांगतो, त्याहून किती तरी जास्त वाट पाहताना सांगतो. शिष्टमंडळ परत येतं, पुढारी माइक हातात घेतो, ‘साहेबांनी सकारात्मक चर्चा केली’ म्हणतो, टाळ्या पडतात. त्या क्षणी म्हाताऱ्यांकडे पाहावं. ते पुढाऱ्याच्या तोंडाकडे पाहत नाहीत, त्याच्या हाताकडे पाहतात. हातात कागद आहे की नाही, तेवढंच त्यांना पाहायचं असतं. ती नजर म्हणजे राग नव्हे, दुःखही नव्हे. इतक्या वर्षांत कोण काय म्हणालं आणि त्यातलं काय झालं, याचा सगळा हिशेब तिच्यात असतो. मोर्च्यातली भावना पकडायची म्हणजे मला ही नजर पकडायची असते.

पण आपल्याकडे म्हाताऱ्या माणसाचा फोटो म्हटला की सुरकुत्या हव्यात. रंग काढून काळापांढरा करायचा, संगणकावर कॉन्ट्रास्ट चढवायचा, कपाळावरची प्रत्येक रेघ खोल करायची. झाला भावपूर्ण फोटो! या पद्धतीला माझा मनापासून विरोध आहे. सुरकुत्या उन्हानं पडतात. रोवणीच्या चिखलात वाकून, बांधावर उभं राहून, जंगलात तेंदूपत्ता तोडून पडतात. त्या दुःखाचा पुरावा नाहीत. आणि रंग काढला की पहिली जाते ती झेंड्याची ओळख. लाल, निळा, पिवळा, भगवा, हे सगळे एकाच राखाडीत मिसळले की हा माणूस कोणाबरोबर आणि कशासाठी आला हेच पुसलं जातं. राहतो तो कुठलाही, कधीचाही एक म्हातारा.

उजेडाचं म्हणाल तर डिसेंबरचं नागपूर दयाळू आहे. दुपारी तीननंतर ऊन तिरपं होतं आणि डोक्यावरच्या पदराखाली, टोपीच्या कडेखाली शिरतं. मात्र पांढरी टोपी आणि सावळा चेहरा एका चौकटीत आले की कॅमेऱ्याचं मीटर टोपीला भुलतं आणि चेहरा काळा पडतो. मोजमाप गालावरून घ्यावं; टोपी जराशी पांढरीफटक झाली तरी चालेल. दुरून मोठ्या लेन्सनं टिपण्यापेक्षा जवळ जाऊन, त्यांच्याबरोबर जमिनीवर बसून, साध्या पस्तीस किंवा पन्नासच्या लेन्सनं काढावा. उभ्यानं खाली बसलेल्याचा फोटो काढला की तो माणूस चौकटीत याचक होतो. हे मी नियम म्हणून सांगतो आहे, आवड म्हणून नाही.

जागेचा इतिहास ठाऊक नसेल, तर मात्र समोरची भावना दिसूनही कळत नाही. २३ नोव्हेंबर १९९४ रोजी याच टी-पॉइंटच्या परिसरात गोवारी समाजाचा मोर्चा चेंगरला आणि ११४ माणसं गेली. त्यांत बाया आणि लेकरं बहुसंख्य होती. गुरं राखणारी ही माणसं अनुसूचित जमातीचा दर्जा मागायला आली होती. त्या दिवशी जे तरुण होते ते आज म्हातारे आहेत. गर्दी दाटू लागली की त्यांच्यातले काही जण नातवाचा हात धरून मुकाट्यानं कडेला सरकतात. नवख्या फोटोग्राफरला त्यात थकवा दिसेल. तो थकवा नाही.

माझं गाव आंधळगाव, मोहाडी तालुक्यातलं. कोशाच्या कापडासाठी ओळखलं जाणारं. आमच्या भागातल्या एका आजीजवळ मोर्च्यात बसून मी फोटो काढू का म्हणून विचारलं, तेव्हा तिनं माझ्याकडे नीट पाहिलं आणि विचारलं, ‘हा फोटो कोणत्या हापिसात लावशीन, बाबू?’ ती थट्टा करत नव्हती. तिच्या आयुष्यात फोटो निघाला तो कशाला तरी चिकटवण्यासाठीच. रेशनकार्ड, बँकेचं पासबुक, श्रावणबाळ योजनेचा अर्ज, हयातीचा दाखला. दर वर्षी स्वतः जाऊन आपण जिवंत आहोत हे दाखवायचं, तेव्हा महिन्याचे पंधराशे रुपये चालू राहणार. त्यातही बोटांचे ठसे कामानं झिजलेले, मशीन ओळखत नाही. अशा बाईला ‘तुमच्या चेहऱ्यावरचे भाव फार सुंदर आहेत’ असं सांगून काय उपयोग? तिचा पुढचा प्रश्न याहून नेमका होता: ‘पेपरात आला तर माह्ये पैसे तं बंद नाही होतीन?’ ही भीती खोटी ठरवण्याचा मला अधिकार नाही. जिथे ती असते तिथे फोटो काढायचा नाही, किंवा काढला तरी छापायचा नाही. पोलिसांचा कॅमेराही त्याच गर्दीवर फिरत असतो, हे आपण विसरलो तरी ती माणसं विसरत नाहीत.

आणि ही माणसं म्हातारपणी आंदोलनात आली, असं आपण धरून चालतो. आमच्या जिल्ह्यात तरी ते खरं नाही. पवनी तालुक्यात वैनगंगेवर गोसीखुर्द धरण आहे. २२ एप्रिल १९८८ रोजी राजीव गांधींच्या हस्ते त्याचं भूमिपूजन झालं. तेव्हा खर्चाचा अंदाज होता सुमारे ३७२ कोटी रुपये; पुढे तो कित्येक हजार कोटींवर गेला, प्रकल्पाला राष्ट्रीय दर्जा मिळाला, पाणी अडलं, गावं उठली. मोबदला, पुनर्वसनाच्या गावठाणातल्या सोयी, घरातल्या एकाला नोकरी, या मागण्या मात्र मोर्च्यामागून मोर्च्यात, धरण्यांत, नदीच्या पाण्यात उतरून केलेल्या आंदोलनांत चालत राहिल्या. भूमिपूजनाच्या दिवशी तिशीत असलेला शेतकरी आज सत्तरीला टेकला आहे. तो आंदोलनातच म्हातारा झाला. त्याच्या चेहऱ्यावर वयाबरोबर सरकारं आहेत, जिल्हाधिकारी आहेत, पिवळ्या पडलेल्या पोचपावत्या आहेत. अशा माणसाचा फोटो काढताना त्याच्या मांडीवरची प्लास्टिकची पिशवी चौकटीबाहेर ठेवणं मला अन्याय वाटतं. कागदपत्रं तिच्यात आहेत. तो बोलतानाही पिशवीवरचा हात काढत नाही. भाव शोधायचाच असेल तर त्या हातात शोधावा.

मार्च २०१८ मध्ये नाशिकहून निघालेला किसान लाँग मार्च सगळ्यांना आठवतो. आठवतो तो बहुतेक करून फोटोंमुळे: म्हाताऱ्या आदिवासी बायांचे सोललेले, रक्ताळलेले तळपाय. साधारण १८० किलोमीटर चालून आलेली ती माणसं दहावीच्या पोरांना परीक्षेत त्रास नको म्हणून रात्रीच्या अंधारात सोमय्या मैदानावरून आझाद मैदानाकडे चालत गेली. मुंबईकरांनी पाणी दिलं, खाऊ दिला, चपला आणून दिल्या. त्या फोटोंनी हे घडवलं आणि ते मोलाचं आहे, यात मला शंका नाही. पण त्या पायांना चपला नको होत्या, त्यांना २००६ च्या वनहक्क कायद्याप्रमाणे कसत असलेल्या जमिनीचा पट्टा हवा होता. तळपायाच्या फोटोत पट्टा दिसत नाही. २०१९ मध्ये मोर्चा पुन्हा निघाला. २०२३ च्या मार्चमध्ये दिंडोरीहून पुन्हा निघाला आणि वासिंदला थांबला. वेदना पाहणाऱ्याच्या मनात झटकन शिरते आणि तितक्याच झटकन चपलांच्या जोडावर भागते. मागणी सावकाश शिरते, म्हणून तिला फोटोत जागा करून द्यावी लागते.

जगातल्या सर्वात गाजलेल्या अशा फोटोचीही हीच कथा आहे. १९३६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या निपोमो इथे डोरोथिया लँगनं वाटाण्याच्या शेतावरच्या छावणीत एका मजूर आईला टिपलं. बत्तीस वर्षांची ती बाई फोटोत कितीतरी थोराड दिसते. लँगनं तिचं नावही विचारलं नव्हतं. फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्प्सन हे नाव १९७० च्या दशकाच्या शेवटी जगाला कळलं, तेव्हा या फोटोतून आपल्याला एक पैसाही मिळाला नाही, असं ती म्हणाली. फोटो थोर आहे, हे कबूलच. तिची तक्रारही तेवढीच खरी आहे.

आमच्या गावचे एक म्हातारे विणकर, खड्डामागावर आयुष्य घालवलेले, विणकरांना म्हातारपणी पेन्शन मिळावी म्हणून मोर्च्याला आले होते. त्यांचे दोन फोटो मी छापून नेले. एकात नुसता चेहरा होता; डोळ्यांत तिरपं ऊन, पापण्यांचे केस मोजता येतील इतका जवळून. ज्यांना ज्यांना दाखवला त्यांनी तोच वाखाणला होता. दुसऱ्यात ते थोडे लांब होते, मांडीवर पुठ्ठ्याचा फलक, शेजारी दोघे जण, मागे बॅरिकेडचा पिवळा पट्टा. मागासमोर बसूनच त्यांनी धोटा बाजूला ठेवला आणि दोन्ही फोटो उजेडाकडे धरले. पहिला त्यांनी लगेच परत दिला. ‘याच्यात मी आजारी वाटतो,’ म्हणाले. दुसरा बराच वेळ पाहत राहिले. कापडातला दोष हुडकायची सवय असलेली नजर ती, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत फिरली. ‘याच्यात मी काहाले बसलो ते तं दिसते.’

त्यांनी त्या फोटोच्या आणखी तीन प्रती मागितल्या. दोन शेजारच्यांना द्यायला, एक पुढच्या निवेदनाला जोडायला. फलकावरची अक्षरं वाचता येतील एवढ्या मोठ्या आकारात काढून आण, असं बजावलं. मी तशा आणून दिल्या.