दाखला आणि कस

आपल्या मध्यमवर्गीयांचे पान दाखल्याशिवाय हलत नाही. जन्माचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला, रहिवासाचा दाखला. इतकेच काय, पेन्शनीत निघालेल्या माणसाला आपण हयात आहोत हेसुद्धा दरवर्षी सिद्ध करून द्यावे लागते! समोर उभा असलेला माणूस खोटा आणि त्याच्या हातातला कागद खरा, असा हा न्याय. या न्यायाची मी आजवर पुष्कळ थट्टा केली. पण धुळ्याच्या माझ्या पुतण्याने एक प्रश्न विचारला, आणि दाखल्यांचा जरा गंभीरपणे विचार करणे मला भाग पडले.

हा मुलगा लिनक्स जाणतो. कॉम्प्युटर सुरू होताच त्याचा सारा कारभार जी हाती घेते, ती ऑपरेटिंग सिस्टीम. लिनक्स ही त्यांतलीच एक. 1991 साली हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने तिचा गाभा लिहिला आणि सोर्स कोड, म्हणजे तिचा मूळ मजकूर, जगापुढे मोकळा ठेवला. कोणीही वाचावा, बदलावा, दुसऱ्याला द्यावा. आज आपल्या खिशातल्या अँड्रॉइड फोनच्या पोटातही तोच गाभा आहे. पुतण्याने ही विद्या एका जुनाट मशीनवर रात्री जागून मिळवली. शिकवणीचा खर्च शून्य; झोपेचा मात्र पुष्कळ.

तो म्हणाला, “काका, बंद पडलेला सर्व्हर मी उभा करून देतो. पण पुण्याच्या कंपनीला हे कळायचं कसं? कोणाचा सही-शिक्का नेऊ?”

प्रश्न बिनतोड होता. एखादी कंपनी आपला माल विकते, तेव्हा तो माल हाताळता येतो असा दाखलाही तीच देऊ शकते. पण लिनक्स पडली गावच्या पाणवठ्यासारखी. पाणी कोणीही भरावे. पोहता कोणाला येते, हे कोणी सांगायचे?

गंमत अशी की, हाच पेच जगातल्या लिनक्सवाल्यांनाही पडला होता. डॅन यॉर्क वगैरे मंडळींनी त्यावर खल केला, आणि 1999 च्या ऑक्टोबरात कॅनडात ‘लिनक्स प्रोफेशनल इन्स्टिट्यूट’ ही संस्था उभी राहिली. ती नफ्यासाठी नाही आणि माल विकत नाही. अभ्यासक्रम ठरवताना तिने प्रत्यक्ष काम करणाऱ्यांनाच विचारले : तुम्ही रोज काय करता? त्यांतले अडते कशावाचून? ज्या कामाचे महत्त्व जास्त, त्यावर प्रश्नही जास्त. पहिल्या पायरीला दोन परीक्षा. प्रत्येकीत नव्वद मिनिटांत साठ प्रश्न. आणि दाखला पाच वर्षांपुरताच, कारण ही विद्या शिळी होते.

त्यांतही एक अडचण होतीच. लिनक्सचे अवतार अनेक. आपल्या खान्देशात धुळ्याकडची अहिराणी वेगळी आणि यावल-रावेरकडची लेवा गणबोली वेगळी, तसेच हे. प्रोग्राम बसवण्याची डेबियनची रीत एक आणि रेड हॅटची दुसरी. परीक्षेत या दोन्ही रीती याव्या लागतात. एकाच गावची बोली म्हणजे प्रमाण, असा हट्ट तिथे चालत नाही. रेड हॅट कंपनीनेही 1999 सालीच आपली परीक्षा सुरू केली. ती स्वतःच्या मालाची खरी; पण तिची तऱ्हा मला फार आवडली. तिथे पर्यायांवर खुणा करणे नाही. चालते मशीन पुढ्यात ठेवतात आणि म्हणतात, हे काम करून दाखव.

मी जळगावकर; मला यात काहीच नवल वाटले नाही. सोन्याच्या व्यापारासाठी आमचे गाव नावाजलेले. सराफ कसोटीच्या दगडावर दागिन्याची रेघ ओढतो, तिला तेजाब लावतो आणि मग बोलतो. दागिना कोणी आणला, त्याचे शिक्षण किती, हे दगड विचारीत नाही. पूर्वी पेढीचे नाव हाच दाखला असे. 2021 पासून देशातल्या अनेक जिल्ह्यांत हॉलमार्क सक्तीचा झाला, आणि विकणारा वेगळा, कस पाहणारा वेगळा, अशी व्यवस्था आली. लिनक्सच्या दाखल्यामागे तरी दुसरे कोणते तत्त्व आहे?

तरीही कोणी म्हणेल, गुणी माणसाला कागद कशाला हवा? आमच्या जळगावचे विद्यापीठ 1990 साली स्थापन झाले, आणि 2018 साली त्याला बहिणाबाई चौधरींचे नाव मिळाले. पदव्या देणाऱ्या संस्थेच्या माथ्यावर लिहिता-वाचता न येणाऱ्या बाईचे नाव! हे वाचून आम्हां खान्देशी माणसांची छाती फुगते. पण त्याच गोष्टीची दुसरी बाजू आपण विसरतो. बहिणाबाई 1951 साली गेल्या, आणि त्यांच्या गाण्यांचे पुस्तक निघाले 1952 साली. मुलगा सोपानदेवांनी ती जपली, आचार्य अत्र्यांनी ती बावनकशी म्हणून पारखली, तेव्हा महाराष्ट्राला त्या कळल्या. आणि तोवर त्या नव्हत्या.

घरात सोपानदेव आणि दारात अत्रे, हे भाग्य कितीजणांचे? धुळ्याच्या गल्लीत रात्री दोन वाजता बंद मशीन जिवंत करणाऱ्या पोराचे नक्कीच नाही. पुण्या-मुंबईच्या पोराला निदान ओळखीचे कोणी भेटते, कोणी शिफारस करते. ज्याला पारखी भेटत नाही, त्याच्यासाठी तरी दगड सर्वांना मोकळा असावा. दाखल्याने अंगी गुण येत नाही हे खरे. पण असलेला गुण शंभर कोसांवरच्या माणसाला दिसतो, तेवढे काम त्याने चोख करावे.

शिकण्याची सोय तर आता घरबसल्या आहे. मुंबईच्या आय. आय. टी.च्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ उपक्रमात लिनक्सचे धडे मराठीतून फुकट ऐकायला मिळतात. परीक्षा मात्र फुकट नाही, आणि पुतण्याला ती द्यायची आहे इंग्रजीतून. इंग्रजीची तयारी तो रोज पहाटे करतो. फीचे म्हणाल, तर वहिनींनी यंदा कापसाचे पैसे आले त्याच दिवशी पहिल्या परीक्षेपुरते वेगळे काढून ठेवले. दिवाळीची साडी पुढच्या वर्षी घेऊ म्हणाल्या.