पाठीवर हात ठेवूनच खो

लहान मुलांना मिळून-मिसळून वागायला शिकवायचे तर उपदेशापेक्षा खेळ लवकर कामाला येतो. आपल्या जुन्या मैदानी खेळांना पैसा लागत नाही, सोबती तेवढे लागतात.

चिखली तालुक्यातील आमच्या गावी सोयाबीनची सोंगणी, कापसाची वेचणी आली की आयाबाया दिवसभर शेतात असतात. पोरं विहाराच्या अंगणात जमतात. तिथे मी पहिल्यांदा साखळी खेळायला लावते. ज्याच्यावर राज्य, तो एकाला पकडतो. पकडलेला बाद होत नाही, हात धरून सोबत धावू लागतो. साखळी वाढत जाते. मध्येच हात सुटला तर पकडलेला गडी धरत नाहीत. म्हणून मोठ्याला धाकट्याच्या पावलाने धावावे लागते. एरवी त्या धाकट्याला आपण ‘कच्चं लिंबू’ करतो. त्यात दया असते, बरोबरी नसते. साखळीत पाच वर्षांचे लेकरूही पुरा गडी असते.

थोड्या मोठ्यांसाठी खो-खो. आठ जण एकाआड एक उलट दिशेला तोंड करून बसतात, नववा धावतो. धावणाऱ्याला मागे फिरता येत नाही. गडी निसटला की आपले धावणे बसलेल्या सोबत्याच्या हाती सोपवावे लागते. आणि खो नुसता तोंडाने देऊन भागत नाही, पाठीला हात लागावा लागतो. माझ्या लहानपणी शाळेत काही मुले आमच्या पाठीला हात न लावताच ‘खो’ ओरडत. उठावे तर फाऊल, बसून राहावे तर गडी जाई. त्यामागचे कारण घरी आईने सांगितले. आज आमच्या अंगणात गावातल्या इतर समाजाचीही पोरं येतात. पाठीवर हात ठेवूनच खो, हा नियम मी कोणालाही मोडू देत नाही.

मज्झिम निकायात अनुरुद्ध, नंदिय व किंबिल या तीन भिक्खूंची हकीकत आहे. भिक्षेहून आधी परतेल तो आसने मांडी. पाण्याचे भांडे रिकामे दिसेल तो भरी. एकट्याला उचलेना तर हाताने खुणावून दुसऱ्याला बोलावी. तिघे दूध-पाण्यासारखे एकोप्याने राहत.

स्वातंत्र्य, समता, बंधुता ही तत्त्वे आपण फ्रेंच राज्यक्रांतीतून नव्हे, तर भगवान बुद्धांच्या शिकवणीतून घेतली, असे बाबासाहेबांनी ३ ऑक्टोबर १९५४ रोजी आकाशवाणीवरील भाषणात सांगितले. ही बंधुता लेकरांच्या हातापायांत लवकर उतरते. भगिनींनो, रविवारी वंदना झाली की त्यांना अर्धा तास अंगणात खेळू द्या, आणि आपणही साखळीत हात द्या. जयभीम!