पहिल्या रांगेतून

रग्बीचा सामना टीव्हीवर लागला की बाकीचे चेंडूकडे पाहतात, मी तीन नंबरच्या जर्सीकडे पाहतो. ती सवय आता जाणार नाही. बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर, पावसाळ्यातल्या चिखलात, मी वर्षानुवर्षं तीच जर्सी घातली. टाइटहेड प्रॉप, म्हणजे स्क्रमच्या पहिल्या रांगेतला उजवीकडचा गडी.

पंधरा जणांच्या रग्बीत दोन्ही संघांचे आठ-आठ खेळाडू खांद्याला खांदा भिडवून एकमेकांना रेटतात, तो स्क्रम. नवख्याला ती नुसती झोंबाझोंबी वाटते. स्क्रम कोसळला, रेफ्रीनं पुन्हा बांधायला लावला, की लोक चहा आणायला उठतात. माझ्या मते या खेळाची खरी गोडी नेमकी तिथेच आहे.

डावीकडच्या प्रॉपचं डोकं एका बाजूनं मोकळं असतं. टाइटहेडचं डोकं समोरच्या हूकरच्या, म्हणजे रांगेतल्या मधल्या गड्याच्या, आणि प्रॉपच्या डोक्यांमध्ये अडकलेलं, त्यामुळे भार दोन्ही खांद्यांवर. रेफ्री पुकारतो, ‘क्राउच’. गुडघे वाकवायचे, पाठ सपाट, हनुवटी वर. कंबर खांद्यांपेक्षा वर राहिली तर नाक मातीत गेलंच म्हणून समजा. ‘बाइंड’ म्हटलं की उजव्या हातानं समोरच्याची जर्सी घट्ट धरायची. डावा हात आपल्या हूकरला आधीच कवळून असतो. मग ‘सेट’, आणि धडक. आंतरराष्ट्रीय संघाच्या आठ गड्यांचं मिळून वजन नऊशे किलोंच्या आसपास भरतं. पूर्वी ही धडक लांबून आणि जास्त जोरानं व्हायची. मानेच्या दुखापती टाळण्यासाठी 2013 पासून आधी बाइंड आणि मग सेट असा क्रम आला. तो बदल फार चांगला झाला, असं मी कुणालाही सांगेन.

स्क्रममधली ताकद खांद्यातून येते असं वाटतं, पण ती येते पायांतून, आणि पाठीमागून. दुसऱ्या रांगेतून मला रेटणाऱ्या लॉकचा खांदा माझ्या बुडाखाली रुतलेला असायचा. तो दमला की कोचच्या आधी मला कळायचं. कबड्डीत साखळी धरलेल्या दोघांना एकमेकांच्या मनगटातून जसं कळतं, तसंच. समोरच्याचंही कळतं. त्याची पकड पाठीवरून दंडाकडे सरकायला लागली, कोपर जमिनीकडे वळलं, की ओळखावं, हा आता स्क्रम पाडणार. अशा वेळी अंगावर जायचं नाही. उजवा खांदा वर धरायचा, पाठ ताठ ठेवायची आणि पावलं वीत-वीतभरच टाकायची. लांब पाऊल टाकलं की कमरेचा जोर सुटतो. ते वीतभर पुढे सरकणं आणि समोरचे आठ जण मागे जाताहेत हे पाठीच्या कण्यातून जाणवणं, यासारखा आनंद मला दुसऱ्या कुठल्याही खेळात मिळाला नाही. ट्राय करून, म्हणजे समोरच्यांच्या गोलरेषेपलीकडे चेंडू टेकवून, मिळणारा आनंद एकट्याच्या नावावर लागतो. हा आठ जणांचा असतो आणि तो गुणफलकावर दिसतही नाही.

म्हणूनच 2015 च्या विश्वचषकातला ब्रायटनचा सामना मी जन्मभर विसरणार नाही. समोर दोनदा जगज्जेता ठरलेला दक्षिण आफ्रिका. अखेरच्या मिनिटांत जपान 29-32 असा मागे, आणि हातात पेनल्टी. खांबांमधून मारली असती तर बरोबरी पक्की होती, आणि प्रशिक्षक एडी जोन्स यांना तेच हवं होतं. कर्णधार मायकल लीचनं स्क्रम मागितला. जगातल्या सर्वांत दणकट पॅकसमोर, वेळ संपत आलेली असताना! स्क्रम टिकला, चेंडू बाहेर आला, आणि थोड्याच वेळात कार्ने हेस्केथनं कोपऱ्यात ट्राय केला. 34-32. लोकांना हेस्केथ आठवतो. मला आठवतात ते त्या स्क्रममध्ये मान न वाकवणारे जपानी प्रॉप.

चार वर्षांनी योकोहामाच्या अंतिम सामन्यात याच्या उलट घडलं. इंग्लंडचा टाइटहेड काइल सिंकलर सुरुवातीलाच जखमी होऊन बाहेर गेला आणि डॅन कोलला जवळपास पूर्ण सामना खेळावा लागला. त्याच्यासमोर होता दक्षिण आफ्रिकेचा, ‘बीस्ट’ म्हणून ओळखला जाणारा तेंदाई म्तावारिरा. स्क्रममागून स्क्रम इंग्लंड मागे रेटलं जात होतं, पेनल्टी देत होतं, आणि हँड्रे पोलार्ड गुण वसूल करत होता. निकाल 32-12. दक्षिण आफ्रिकेचे दोन ट्राय देखणे होते, पण सामना त्याआधीच पहिल्या रांगेत जिंकला गेला होता. डॅन कोलसाठी मात्र त्या दिवशी माझा जीव तुटत होता.

प्रेक्षकांना आणखी एक सुख मिळतं. रेफ्रीच्या अंगावरचा माइक प्रक्षेपणाला जोडलेला असतो, त्यामुळे तो काय बजावतो ते घरी बसून ऐकू येतं. वाद घालायची पद्धत नाही. बोलायचं असलं तर कर्णधारानं, तेही अदबीनं. सामना संपला की दोन्ही संघ रांगा करून एकमेकांना टाळ्या वाजवत वाट देतात. ऐंशी मिनिटं ज्यानं माझी मान पिळली, त्याच्याच शेजारी बसून मी पहिल्या रांगेच्या बारीकसारीक युक्त्या शिकलो. अशा प्रतिस्पर्ध्यांपैकी काही आजही फोन करतात.

2016 साली ऑलिंपिकमध्ये सेव्हन्स, म्हणजे सात-सात जणांची रग्बी, आल्यावर आपल्याकडे सगळं लक्ष त्या वेगवान प्रकाराकडे गेलं. तो प्रकार सुंदरच आहे. पण त्यात स्क्रम तीन-तीन जणांचा, आणि धावायला हलकी, चपळ मुलंच लागतात. पंधरांच्या खेळात 1.72 मीटर उंचीचा फाफ द क्लर्क जगज्जेता होतो, आणि त्याच संघात सव्वाशे किलोंच्या आगेमागे वजनाचे प्रॉपही असतात. अंगानं भरलेल्या मुलाला हक्काची जागा देणारे खेळ फार नाहीत. तुमच्या शाळेत, सोसायटीत असं एखादं मूल असेल, पी.टी.च्या तासाला मागे मागे राहणारं, तर त्याला रग्बीच्या क्लबात घेऊन जा. एवढंच बघा की शिकवणारा स्वतः पहिल्या रांगेत खेळलेला असावा, आणि त्यानं मुलाची मान नीट बळकट करून घेतल्याशिवाय त्याला स्क्रममध्ये उतरवू नये.