स्वल्पविरामाची जागा

लूककृत शुभवर्तमानाच्या तेविसाव्या अध्यायात वधस्तंभावरचा येशू शेजारच्या गुन्हेगाराला एक आश्वासन देतो. त्या वाक्याच्या आरंभी खात्रीपूर्वक सांगत असल्याचा उच्चार आहे, शेवटी सुखलोकातील सोबतीची ग्वाही आहे आणि ह्या दोहोंच्या मध्ये ‘आज’ हा एकच शब्द उभा आहे. प्राचीन ग्रीक हस्तलिखितांत विरामचिन्हे क्वचितच आढळतात. शब्दही एकमेकांना जोडून लिहिलेले असतात. जुन्या मराठी पोथ्या हाताळलेल्या वाचकाला ह्याचे नवल वाटणार नाही. सलग ओळी लिहिणारे लेखनिक आणि एकोणिसाव्या शतकात मेजर कँडी यांनी मराठीत रुजवलेली विरामचिन्हे, ह्यांमधले अंतर त्याच्या परिचयाचे असते. स्वल्पविराम ‘आज’च्या आधी दिला तर तो गुन्हेगार त्याच दिवशी सुखलोकात पोहोचतो. नंतर दिला तर आश्वासन तेवढे आज दिले जाते. त्याची पूर्ती केव्हा, हे वाक्य सांगत नाही. मृत्यूनंतर आत्मा तत्काळ कोठे जातो, की पुनरुत्थानापर्यंत माणूस केवळ मृतच असतो, ह्या जुन्या वादाचा एक धागा असा एका चिन्हात अडकलेला आहे.

हा धागा ज्यांना विशेष जिव्हाळ्याचा वाटतो अशा समाजांपैकी एक म्हणजे क्रिस्टाडेल्फियन समाज. लंडनमध्ये १८०५ साली जन्मलेला जॉन थॉमस हा डॉक्टर १८३२ साली अमेरिकेला निघाला असता त्याचे जहाज वादळात सापडले. वाचलो तर धर्माविषयीचे सत्य शोधून काढीन, असा संकल्प त्याने त्या वेळी केला, असे त्याचे चरित्र सांगते. त्या शोधातून जो समाज पुढे उभा राहिला त्याला त्रैक्याचा सिद्धान्त मान्य नाही, आत्म्याचे उपजत अमरत्व मान्य नाही आणि पगारी पाळकही मान्य नाही. ‘ख्रिस्तातील बंधू’ ह्या अर्थाचे त्याचे ग्रीक नाव १८६४ साली, अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात पुढे आले. शस्त्र धरण्यास नकार देणाऱ्यांची सरकारदरबारी नोंद करण्यासाठी काही तरी नाव हवे होते. त्याच वर्षी अॅबर्डीनचा रॉबर्ट रॉबर्ट्स ह्याने बर्मिंगहॅमहून एक मासिक सुरू केले. रॉबर्ट्स हा मूळचा वृत्तपत्राचा बातमीदार. १८६९ पासून ते मासिक ‘द क्रिस्टाडेल्फियन’ ह्या नावाने निघू लागले आणि आजही निघते. वर्षाकाठी जुना करार एकदा व नवा करार दोनदा वाचून व्हावा, असे दैनिक वाचनाचे कोष्टकही रॉबर्ट्सनेच तयार केले.

जेथे पाळक नाही तेथे प्रत्येक जण वाचक असतो आणि प्रत्येक वाचक थोडाबहुत भाष्यकारही होतो. दिवसा शाळेत शिकवणारा, कारखान्यात आराखडे काढणारा, दवाखान्यात औषधे देणारा माणूस संध्याकाळी ग्रीक व्याकरण उघडून बसतो. अशा समाजात मासिकाचा संपादक हा केवळ संपादक राहत नाही. पाळक नसलेल्या मंडळीत काय बोलले जावे, ह्याचा उंबरठा तोच सांभाळतो. ह्याचे दुष्परिणाम त्या समाजाने भोगले आहेत. १८८४ साली ‘द एक्झिजिटिस्ट’ नावाच्या नियतकालिकात रॉबर्ट अॅशक्रॉफ्ट ह्यांनी बायबलच्या ईश्वरप्रेरणेविषयी लिहिले. संपूर्ण बायबल सारख्याच अर्थाने प्रेरित आहे काय, हा त्या लेखाचा रोख होता. त्यावरून उठलेल्या वादळात १८८५ साली बर्मिंगहॅमची मंडळी दुभंगली आणि ती फूट इतरत्र पसरली. एकत्र भाकर मोडणारी माणसे एका मेजावर बसेनाशी झाली. दोन्ही बाजूंचा मोठा भाग पुन्हा एकत्र आला तो १९५७ साली. ज्यांनी तो लेख वाचला होता त्यांच्यापैकी तेव्हा कोणी फारसे उरले असेल असे वाटत नाही.

ही स्मृती ज्याच्या पाठीशी आहे अशा समाजातील काही अभ्यासकांनी बायबलच्या अर्थनिर्णयाला वाहिलेले, तज्ज्ञांकडून लेख तपासून घेणारे नियतकालिक केवळ इंटरनेटवर काढावयाचे ठरवले, तर ते काय अंगावर घेतात, हे पाहण्याजोगे आहे. तांत्रिक बाजू तुलनेने सोपी झाली आहे. १९९६ साली कॅनडातील आल्बर्टा येथून ‘जर्नल ऑफ हिब्रू स्क्रिप्चर्स’ इंटरनेटवर विनामूल्य निघू लागले, त्या काळात हिब्रू किंवा ग्रीक अक्षरे वाचकाच्या पडद्यावर नीट उमटतीलच ह्याची शाश्वती नसे. मराठीच्या फाँटांनी ज्यांना छळले आहे त्यांना हे दुःख समजावून सांगण्याची गरज नाही. युनिकोडने तो प्रश्न बहुतांशी मिटवला. छपाईचा खर्च नाही, टपाल नाही, वर्गणी नाही. उरते ते संपादकाचे काम, आणि तेच अवघड आहे.

लेखकाचे नाव परीक्षकाला कळू नये, परीक्षकाचे लेखकाला कळू नये, हा त्या पद्धतीचा पहिला नियम. संपादक लेखाच्या माथ्यावरचे नाव पुसतो, फाइलच्या पोटात दडलेले नाव शोधून काढून टाकतो, ‘मी पूर्वी दाखवल्याप्रमाणे’ अशी वाक्ये बदलून घेतो. परंतु समाज लहान आहे. एका मंडळीतले भाषण दुसऱ्या मंडळीत ऐकलेले असते, एखाद्याची आवडती उपमा वर्षानुवर्षे कानांवरून गेलेली असते. दुसऱ्या परिच्छेदाशी येईपर्यंत परीक्षकाने लेखक ओळखलेला असतो, आणि अभिप्रायाच्या पहिल्याच आक्षेपावरून लेखक परीक्षकाला ओळखतो. रविवारी दोघे एकाच सभागृहात बसतात. अनामिकतेचा पडदा येथे विरळ आहे, हे संपादकाला माहीत असते. तरीही तो धरून ठेवणे उपयोगाचे असते. ओळख पटली तरी ती पटली नाही असे दोघांनाही वागता येते आणि त्या सभ्य नाटकाच्या आश्रयाने बरेच खरे बोलता येते.

समजा, अशा संपादकाकडे लूकच्या त्या वाक्यावर एक लेख आला. लेखकाचा पक्ष उघड आहे: विराम ‘आज’च्या नंतर. त्याने कष्ट घेतले आहेत. सिरियाक भाषेतील क्युरेटोनियन पाठात ‘आज’ हा शब्द ‘सांगतो’शी जोडलेला आहे, हे त्याने दाखवले आहे. चौथ्या शतकातील व्हॅटिकॅनस ह्या हस्तलिखितात त्या शब्दानंतर एक बारीक ठिपका दिसतो, तोही त्याने पुढे केला आहे. पूर्वी असा ठिपका पाहण्यास रोमला जावे लागे, निदान महागडी प्रतिकृती हाताशी असावी लागे. आता व्हॅटिकनच्या ग्रंथालयाने पानांची छायाचित्रे सर्वांना खुली केली आहेत आणि घरबसल्या ते पान मोठे करून पाहता येते. लेखकाने ते पाहिले आहे. त्याच्या लेखाचा शेवट असा की, प्रश्न निकाली निघाला.

परीक्षक त्याच समाजातला आहे. त्याचीही श्रद्धा तीच. मृतांविषयी तो जे मानतो ते लेखकाहून तसूभर वेगळे नाही. निष्कर्ष त्याला हवासा आहे. नेमके म्हणूनच त्याचे काम कठीण आहे. तो विचारतो: हा ठिपका कोणाच्या शाईचा? व्हॅटिकॅनसची फिकी पडलेली अक्षरे काही शतकांनंतर दुसऱ्या हाताने पुन्हा गिरवलेली आहेत. ठिपका मूळ लेखनिकाचा असेल हे कशावरून? आणि तो लेखनिकाचाच असला, तरी चौथ्या शतकातील एका वाचकाने वाक्य असे लावले एवढेच त्यावरून कळते. लूकने ते कसे लावले होते हे कळत नाही. पुढचा प्रश्न अधिक बोचरा आहे. खात्री देणारा तो प्रारंभिक उच्चार शुभवर्तमानांत अनेकदा येतो. त्याला कालवाचक शब्द जोडलेला इतरत्र कोठे आढळतो? मार्कच्या चौदाव्या अध्यायात ‘आज’ येतो खरा, पण तेथे तो उघडपणे पुढच्या वाक्यांशाचा आहे. विरामचिन्हे नव्हती ह्यावरून लेखकाचे वाचन शक्य ठरते. ते सिद्ध झाले, असे म्हणता येत नाही.

असा अभिप्राय लिहून पाठवणे ही लहान गोष्ट नव्हे. परक्याचा युक्तिवाद खोडण्यास बुद्धी पुरते. आपल्याच बाजूचा लंगडा युक्तिवाद परत पाठवण्यास त्याहून अधिक काही लागते. कारण पुढच्या आठवड्यात कोणी तरी विचारणार की, बंधूंना आता त्या वचनाविषयी शंका येऊ लागली आहे काय. युक्तिवादाविषयीची शंका आणि श्रद्धेविषयीची शंका ह्या दोन निराळ्या वस्तू आहेत, हे लेखक जाणतो, परीक्षकही जाणतो. सभागृहातील मागच्या रांगेला ते नेहमी जाणवतेच असे नाही. परीक्षणाची पद्धत असल्या समाजाला काही देत असेल तर ते हेच: ‘तू आमच्यातला नाहीस’ असे न म्हणता ‘हे ह्यातून निघत नाही’ असे म्हणण्याची एक रीतसर जागा. १८८४ साली ती जागा नव्हती. अर्थात ती असती तर फूट टळली असती, असे मानणे भाबडेपणाचे होईल. तेव्हाचा वाद एखाद्या कच्च्या पुराव्याचा नव्हता, पायाचाच होता. आणि परीक्षकाला भिंतीचा ओळंबा पाहता येतो, पाया कोठे घालावा हे ठरवता येत नाही.

हा पायाचा प्रश्न यशयाच्या ग्रंथावरील लेख आला की पुन्हा डोके वर काढतो. विद्यापीठीय अभ्यासात चाळिसाव्या अध्यायापासूनचा भाग बाबिलोनच्या बंदिवासाच्या काळातील, निराळ्या हाताचा, असे सामान्यतः मानले जाते. समाजाची धारणा एकाच यशयाची. लेखक मृत समुद्राजवळच्या गुंफेत १९४७ साली सापडलेल्या यशयाच्या गुंडाळीकडे बोट दाखवतो: तेथे चाळिसावा अध्याय स्तंभाच्या अगदी तळाच्या ओळीवर, कसलाही खंड न पाडता सुरू होतो. संपादकाने समाजाबाहेरच्या विद्वानाला परीक्षक नेमले असेल तर त्याचे उत्तर ठरलेले आहे: ती गुंडाळी बंदिवासानंतर काही शतकांनी लिहिलेली, तिच्यावरून मूळ रचनेविषयी काय कळणार? आणि तो हेही विचारील की, योहानाच्या पहिल्या पत्रातील त्रैक्याचा उल्लेख इरॅस्मसने १५१६ व १५१९ च्या आवृत्त्यांत गाळला आणि १५२२ मध्ये घेतला, हा पाठचिकित्सेचा इतिहास तुमच्या लेखकांना तोंडपाठ असतो; मग चिकित्सेचा हात यशयापाशीच का आखडतो? ह्यावर लेखकाजवळ उत्तर नाही असे नाही. योहानाच्या बाबतीत हस्तलिखितेच साक्ष देतात, यशयाच्या बाबतीत अशी साक्ष नाही, केवळ अनुमान आहे. ते उत्तर दुबळे नाही. पण तेवढ्याने भागत नाही. प्रामाणिक संपादक अशा वेळी लेखकाकडून गृहीतक पहिल्याच पानावर लिहून घेतो: ‘ग्रंथ एकाच संदेष्ट्याचा आहे असे मानून पुढील विवेचन केले आहे.’ बाहेरच्या परीक्षकाला ही पळवाट वाटते, आतल्या काहींना कबुलीजबाब. ह्यांपैकी काहीही असो, वाचकाला निदान कोठे उभे राहून बोलले जात आहे ते समजते. संशोधनाच्या नावाखाली निघणाऱ्या पुष्कळशा लेखनात तेवढेही समजत नाही.

येथे महाराष्ट्रातील प्राध्यापकांना एक गोष्ट खटकल्यावाचून राहणार नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० पासून लेखांना गुण जोडले, २०१८ साली मान्यताप्राप्त नियतकालिकांच्या यादीची व्यवस्था आणली आणि २०२५ साली ती यादी बंद केल्याचे जाहीर केले. ह्या काळात ‘परीक्षित नियतकालिक’ हा शब्द पदोन्नतीच्या फाइलीत पडला आणि त्याचा मूळ अर्थ बराच झिजला. ज्या नियतकालिकात लिहिल्याने लेखकाला बढती नाही, परीक्षकाला मानधन नाही आणि संपादकाला रजा नाही, तेथे तीन माणसे एका ठिपक्याच्या शाईसाठी तीन महिने पत्रव्यवहार करतात, ही गोष्ट त्यांच्या सिद्धान्तांशी सहमत नसणाऱ्यालाही विचारात पाडते.

लूकवरील तो लेख अखेर छापला जातो. ‘सिद्ध होते’ ह्याच्या जागी ‘संभवते’ आले आहे. क्युरेटोनियन पाठ राहिला आहे, ठिपका तळटीपेत गेला आहे. लेखक काही दिवस घुश्शात असतो. संपादकाला दोन पत्रे येतात: एकात आपल्या शत्रूंना दारूगोळा पुरवल्याचा आरोप, दुसऱ्यात व्हॅटिकॅनसचे ते पान नेमके कोठे पाहावयाचे ह्याची चौकशी. दुसऱ्या पत्राला तो त्याच रात्री उत्तर देतो.

रॉबर्ट्सच्या कोष्टकानुसार लूकचा तेविसावा अध्याय वर्षातून दोनदा येतो. मोठ्याने वाचताना विराम कोठे तरी घ्यावाच लागतो. आवाजाला तळटीप नसते. वाचणारा बंधू त्या वाक्याशी येतो आणि ‘आज’ म्हणून, नेहमीच्याच जागी, थांबतो. दुसऱ्या रांगेत लेखक बसलेला असतो, त्याच्या मागे परीक्षक. दोघांचीही बोटे ओळीवर असतात.