एक लाट केवढी?

वाणिज्य शाखेच्या पदवीधराने मुलीच्या विज्ञानाच्या वहीत नाक खुपसू नये. पण काल कन्येने विचारले, "बाबा, ध्वनीचा हवेतला वेग सेकंदाला ३४० मीटर, वारंवारता १७० हर्ट्झ. तरंगलांबी किती?" वीस वर्षे बँकेत व्याज मोजणारा माणूस 'येत नाही' म्हणेल कसा? दोन आकडे दिसले की आमचा हात गुणाकाराकडेच वळतो. उत्तर आले ५७,८०० मीटर! म्हणजे मुंबईला सुरू झालेली एकच लाट कल्याण ओलांडून पुढे.

"अहो बाबा, सेकंदात आवाज ३४० मीटर जातो. तेवढ्यात लाटा १७०. मग एक लाट केवढी?"

मी गप्प.

"बरं, ३४० रुपये १७० जणांत वाटले तर?"

"दोन!"

"मग दोन मीटर."

स्वयंपाकघरात भांडं आपटलं. हसू दाबायची ही सौ.ची जुनी पद्धत. मुलगी मात्र हसली नाही, ते जास्त लागलं.

"आता २० हर्ट्झ?"

"१७ मीटर," मी म्हणालो. तिने न तपासता लिहून घेतलं. आमची खोली बारा फुटी. ही लाट घरात शिरली तर शेपूट जिन्यात राहायचं, असं मी सांगणार होतो. पण पुढचं गणित पाण्यातल्या आवाजाचं निघालं आणि मला एकदम भाजी आणायची आठवण झाली.