पाटी नीट लावा, बॉस!

सोमवार, सकाळचे साडेदहा. पहिला चहासुद्धा घशाखाली उतरला नव्हता आणि फोन वाजला. पलीकडे आमच्या एक जुन्या ग्राहक, निवृत्त शिक्षिका. ‘अहो, मी मागच्याच आठवड्यात पैसे भरलेत. आठ वर्षांत एकदाही उशीर केला नाही. आणि तुम्ही मला शेवटची नोटीस पाठवता?’ आवाज चढलेला नव्हता, दुखावलेला होता. तेच जास्त लागलं.

झालं होतं असं. पाण्याचे फिल्टर बसवणारं आमचं पुण्यातलं छोटंसं ऑफिस. रोजची रटाळ कामं एन-एट-एनवर चालतात. फॉर्म आला की शीटमध्ये नोंद, मुदत उलटली की मेल, अशा साखळीला म्हणायचं वर्कफ्लो. नोव्हेंबर २०२४ मध्ये एमसीपी हा प्रोटोकॉल आला आणि असे वर्कफ्लो एआय एजंटच्या हाती देणं सोपं झालं. मीही दिले. आपण साध्या भाषेत सांगायचं, एजंटनं योग्य तो वर्कफ्लो शोधून चालवायचा. कसलं भारी ना?

अकाउंट्समधल्या मैत्रिणीनं त्याला सांगितलं, ‘थकबाकीचं काय ते बघ जरा.’ तिला हवी होती नुसती यादी. आमच्याकडे वर्कफ्लो दोन. एक यादी दाखवणारा, दुसरा नोटीस धाडणारा. दोन्हींची वर्णनं अस्मादिकांनीच लिहिलेली. पहिल्याचं, ‘थकबाकीसाठी’. दुसऱ्याचं, ‘थकबाकी हाताळतो’. एजंटनं दुसरा उचलला. तोही महिन्याभरापूर्वीच्या शीटवर चालणारा! साठ जणांना नोटिसा गेल्या.

आधी मी एजंटला मनसोक्त शिव्या घातल्या. मग ट्यूब पेटली. वर्कफ्लोच्या पोटात काय आहे, ते त्याला दिसतच नाही. त्याच्यासमोर येतं टूलचं नाव, वर्णन आणि चालवताना कोणती माहिती द्यायची ते. बस्स! मला आतलं सगळं पाठ, म्हणून दोन शब्द पुरेसे वाटले. तो बिचारा दारावरची पाटी वाचून आत शिरणारा.

आणि पाटी कशी असावी, हे पुणेकरानं दुसऱ्याला विचारायचं? आपली पाटी काय मिळतं ते सांगते, पण काय मिळणार नाही आणि कधी यायचं नाही, हे आधी ठणकावते. मी तोच फंडा वापरला. आता पहिलं वर्णन असं: ‘मुदत उलटलेल्या बिलांची आजची यादी दाखवतो. कोणाकडे किती बाकी, असं विचारल्यास वापरा. कुणालाही मेल पाठवत नाही.’ दुसरं: ‘एका ग्राहकाला शेवटची नोटीस मेल करतो. ग्राहक क्रमांक लागतो. गेलेला मेल परत घेता येत नाही. नुसती माहिती हवी असल्यास वापरू नका, यादीचा वर्कफ्लो वापरा.’

नावंही बदलली. ‘फायनल_२’ जाऊन ‘थकबाकी_यादी_दाखवा’ आलं. तारखेच्या रकान्यात नुसतं ‘तारीख’ नाही, तर ‘वर्ष-महिना-दिवस’ आणि एक उदाहरण. नाहीतर ०३/०४ म्हणजे तीन एप्रिल की चार मार्च, हे त्यानं कसं ओळखायचं? निबंध मात्र लिहायचा नाही हं. अशी सगळी वर्णनं एजंट एकत्र वाचतो. पाल्हाळ लावलं तर मुद्दा हरवतो.

मग परीक्षा. ऑफिसात लोक खरंच जसं बोलतात, तशी दहा वाक्यं लिहून काढली. वर्कफ्लो ठाऊक नसलेल्या एका मित्राला फक्त वर्णनं दाखवली आणि विचारलं, ‘यातला कुठला उचलशील?’ तो दोनदा अडखळला. ती दोन वर्णनं पुन्हा लिहिली. आणि हो, सगळा भरवसा पाटीवर ठेवायचा नाही. नोटीस जाण्याआधी आता माणसाचा होकार लागतो.

साठही जणांना मी स्वतः फोन केले. बाईंना सगळ्यात शेवटी, कारण धीरच होत नव्हता. घडलं ते सगळं सांगितलं. क्षणभर शांतता. मग म्हणाल्या, ‘मुलांचं उत्तर चुकलं की मी आधी विचारायची, प्रश्न नीट वाचलास का? तुमच्याकडे तर प्रश्नच नीट लिहिलेला नव्हता!’

पूर्ण मार्क, बाई. चूक माझीच.